मोजमाप कशाचे, खेळाचे की कपड्यांचे?

मुसलमान खेळाडूला एक जादा परीक्षा द्यावी लागते. मैदानावरची परीक्षा सगळ्यांनाच असते. ही दुसरी मैदानाबाहेर होते आणि तिला परीक्षक दोन. एक आपले मौलवीसाहेब, दुसरी आपल्या देशाची प्रसारमाध्यमे. एरवी दोघांचे एकमेकांशी पटत नाही. पण पुरुष खेळाडूची निष्ठा तपासायची आणि बाईचे कपडे, यावर दोघांचे एकमत आहे.

सानिया मिर्झाचेच घ्या. सप्टेंबर २००५ मध्ये ती अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोचली. ग्रँड स्लॅम एकेरीत एवढी मजल त्याआधी कोणत्याही भारतीय महिलेने मारली नव्हती. त्याच महिन्यात देशभर चर्चा झाली ती तिच्या स्कर्टची. पोशाखाविरुद्ध फतवा निघाल्याच्या बातम्या आल्या आणि कोलकात्याच्या स्पर्धेत तिला कडक बंदोबस्तात खेळावे लागले. फतव्याचा धिक्कार करणारेही बोलले ते स्कर्टबद्दलच. तिच्या फोरहँडचे कौतुक मागे पडले. पुढे २०१४ मध्ये तेलंगणातील एका आमदाराने तिला 'पाकिस्तानची सून' ठरवले. २०१५ मध्ये ती महिला दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली, विम्बल्डन जिंकली. आणि २०१६ मध्ये एका नामवंत पत्रकाराने वाहिनीवर तिला विचारले काय, तर आता संसारात स्थिर कधी होणार, आई कधी होणार? तिने तिथल्या तिथे सुनावले, पत्रकाराने माफी मागितली, हे खरे. पण लिअँडर पेसला, महेश भूपतीला असा प्रश्न कुणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता मोहम्मद शमी. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. म्हणजे एकाही भारतीय गोलंदाजाला बळी मिळाला नाही. तरी समाजमाध्यमांवर गद्दार ठरला तो एकटा शमी. कर्णधार विराट कोहली त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे नोंदवलेच पाहिजे. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच शमीने आपल्या वानखेडेवर उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे सात गडी बाद केले. तेव्हा तो सगळ्यांचा झाला. पण मार्च २०२५ मध्ये, रमजानमध्ये, सामना चालू असताना तो पेय प्यायला, तर बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार म्हटले. मुसाफिराला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे, हे मौलानांना आम्ही सांगावे काय? एकाने देशाची निष्ठा तपासली, दुसऱ्याने दीनची. गोलंदाजी कुणी पाहिली?

कुणी म्हणेल, मुलींनी अंग झाकून खेळावे म्हणजे वादच मिटेल. मिटत नाही. जून २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोके झाकले म्हणून ऑलिंपिक पात्रता सामना गमवावा लागला. डोके झाकून खेळायला पूर्ण परवानगी मिळायला २०१४ उजाडले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने स्वतःच्याच खेळाडूंना हिजाबबंदी केली. इथे स्कर्ट आखूड म्हणून आरडाओरड, तिथे कापड जास्त म्हणून मनाई. दोन्हीकडे मुलीला विचारले नाही.

हे झाले नामवंतांचे. आमच्यासमोर रोज असतात त्या नाव न झालेल्या मुली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चौथीपर्यंत लंगडीत आणि खो-खोत मुलांना दमवणाऱ्या मुली आठवीत आल्या की पी.टी.च्या तासाला भिंतीला टेकून उभ्या राहतात. अम्मी येऊन सांगते, "बच्ची अब बडी हो गई." आणि तालुक्याच्या स्पर्धेला गेलो की बाहेरचे म्हणतात, "उर्दू शाळेच्या मुली कुठल्या खेळतात?" घरचे पाठवत नाहीत म्हणून बाहेरचे धरत नाहीत, बाहेरचे धरत नाहीत म्हणून घरच्यांचे फावते. मधल्या मध्ये मुलीचे पाय आखडतात.

धर्माचा दाखला देणाऱ्यांना आम्ही धर्मातलाच दाखला देतो. पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस मशहूर आहे. एकदा हजरत आयेशा जिंकल्या, एकदा पैगंबरसाहेब. वाजात हे कितीदा ऐकले आपण?

निजामाबादच्या निखत जरीनला मुष्टियुद्धाला पाठवले तेव्हा नातेवाईक, शेजारी तिच्या आखूड चड्डीवरून बोलत. वडिलांनी कानांवर हात ठेवले. ती २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. मग तेच लोक फोटो काढायला आले नसतील काय?

संपादकांना आमचे सांगणे एवढेच, की मुसलमान खेळाडूची बातमी देताना आधी धावा, गुण, सेकंद छापा. मग जागा उरली तर बाकीचे. आणि आमच्या कौमच्या पालकांना : ट्रॅकसूट घाला, ओढणी घाला, तुमच्या मनाला पटेल तो कपडा घाला. पण पी.टी.च्या तासाला मुलीला चिठ्ठी देऊन बसवू नका. तिला पळू द्या. ती किती वेळात पळाली ते आम्ही मोजू.