आधी लाइटबिल काढा, मग शोरूमला जा

दसरा-पाडवा जवळ आला की बार्शीतल्या दुचाकीच्या शोरूमपुढे घरंच्या घरं उभी राहतात. हल्ली त्यातले बरेच जण विजेच्या स्कूटरभोवती घुटमळतात आणि एकच विचारतात, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ समोरचा पोरगा १३० सांगतो, १५० सांगतो. आकडा मोठा वाटला की खूश होऊन आपण बुकिंगचे पैसे मोजतो.

पेट्रोलची गाडी घेताना टाकी किती लिटरची आहे हे आपण कधी विचारलं होतं? आपण विचारायचो ‘ॲव्हरेज किती देते?’ विजेच्या गाडीलाही तेच विचारा. एका युनिटमध्ये किती किलोमीटर जाते आणि ते युनिट माझ्या घरच्या मीटरवर मला कितीला पडतं? पहिल्या अर्ध्याचं उत्तर गाडीत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर तुमच्या घरी, खुंटीला अडकवलेल्या बिलांच्या चळतीत आहे. तिथे कुठलाही सेल्समन तुमची मदत करू शकत नाही.

बॅटरीवर ‘३ किलोवॅट-अवर’ असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, किलोवॅट-अवर म्हणजे आपलं लाइटबिलावरचं युनिटच. चार्जर थोडा तापतो आणि त्यात दहा-पंधरा टक्के वीज जाते. म्हणून बॅटरीत तीन युनिट भरायला मीटरवर साडेतीनच्या आसपास पडतात. गावातल्या साध्या वापरात चांगली स्कूटर मीटरवरच्या एका युनिटला तीसेक किलोमीटर धावते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जवळपास नऊ युनिटांची ऊर्जा कोंडलेली असते, तरी स्कूटर त्यात पंचेचाळीस किलोमीटरच जाते, कारण इंजिन त्यातली पाऊण ऊर्जा सायलेन्सरमधून आणि तापलेल्या लोखंडातून हवेत सोडून देतं. विजेची मोटर मिळालेल्यातलं ८५ ते ९० टक्के चाकाला देते. स्वस्ताईचं मूळ तिथे आहे.

आता पैशांत बोलू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरा, पंचेचाळीसचं ॲव्हरेज धरा. किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर खर्च आला. विजेचा हिशेब मात्र घराघरात बदलतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट सुमारे ७ रुपयांना, दुसऱ्यातलं सुमारे १३ ला आणि तिसऱ्यातलं साडेसोळाच्या आसपास पडतं असं मी इथे धरतो. तुमच्या ताज्या बिलावर दरांचा तक्ता छापलेला असतो. त्यातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ३३ युनिटं लागतील. ज्याच्या घरी आज ९० युनिटं येतात त्याची पहिली दहा स्वस्तात जातील, उरलेली २३ दुसऱ्या टप्प्यात. बिल ३७० रुपयांनी वाढेल. ज्याच्या घरी आधीच १८० येतात त्याचं ४३० नी वाढेल. एसी लावून ३०० च्या पुढे गेलेल्याचं साडेपाचशेच्या आत-बाहेर. पेट्रोलला याच धावेसाठी २,३०० रुपये जातात. म्हणजे तिघांचाही फायदाच आहे, फक्त सारखा नाही. इथे एक गैरसमज मी फार ऐकतो, की टप्पा ओलांडला की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो, पहिली शंभर पहिल्याच भावाने मोजली जातात. दुकानात चार्जिंग करणाऱ्या व्यापारी मंडळींनी मात्र आपलं मीटर व्यापारी दराचं आहे हे विसरू नये. गाडी रात्री घरी लावलेली बरी.

आता जे शोरूमवाला सांगणार नाही ते सांगतो. विजेची स्कूटर तशाच पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा तीसेक हजारांनी महाग पडली असं समजा. मार्केट यार्डात हमाली-तोलाईच्या कामाला पानगाव किंवा आगळगावाहून रोज येणारा माणूस महिन्याला हजार किलोमीटर करत असेल, तर हे तीस हजार सोळा-सतरा महिन्यांत वसूल होतात. पण उपळाई रोडवरून भगवंताच्या दर्शनाला, तिथून भाजीला आणि परत, एवढंच ज्यांचं फिरणं आहे त्यांचे महिन्याला दोनशे किलोमीटरही होत नाहीत. त्यांची बचत महिन्याला पावणेचारशे. तीस हजार फिटायला साडेसहा वर्षं लागतील आणि तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. अशांनी धूर नको, आवाज नको, किक नको म्हणून जरूर घ्यावी. पैसे वाचतात म्हणून घेऊ नये. घरातली चालू पेट्रोलची गाडी मोडीत काढून तर मुळीच घेऊ नये.

मग ‘किती जाते’ या प्रश्नाचं काय? जाहिरातीतला आकडा कसोटीतला असतो. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठरावीक पद्धतीने चालवून तो काढतात. तिथे ना डबलसीट, ना पोत्याचं ओझं, ना जूनमधलं समोरून येणारं वारं. रस्त्यावर त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळाले तरी गाडी चांगली म्हणायची. चाळीस-पंचेचाळीसने चालवली तर आकडा टिकतो, साठ-पासष्टने पळवली की भसाभस उतरतो, कारण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ट्रायल घ्यायची तर शोरूमसमोर गोल चक्कर मारून काय कळणार? मागे माणूस बसवून पांगरीच्या पुढे, येडशीकडे बालाघाट चढतो तिथवर न्या. चढावर किती टक्के खाल्ले आणि उतारावर मोटरने उलट चार्ज करून किती परत आणले, हे पडद्यावर दिसतं.

रोजची धाव चाळीस किलोमीटर असेल तर दीडशेवाली बॅटरी कशाला? बॅटरी हाच गाडीतला सर्वांत महाग भाग आणि जादा बॅटरी म्हणजे रोज वाहायचं जादा वजन. हा विचार आपल्या गावाला नवा नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा अडीच फुटी रुळांवर एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हे आधी ठरवलं आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळं त्या बेताने घडवलं. हलके रूळ, कमी खर्च, आणि कुर्डुवाडीहून माल बार्शीत. आपणही आधी धाव मोजावी, त्यावर तीस-चाळीस टक्के शिल्लक धरावी आणि तेवढीच बॅटरी घ्यावी. वैरागला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, ते मधल्या बॅटरीवर आरामात निघतात. सोलापूरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर स्कूटरचा नाद सोडा, एसटी आहे.

चार्जिंगचं म्हणाल तर बार्शीत स्कूटरचं खरं चार्जिंग स्टेशन म्हणजे तुमच्या घराची भिंत. आणि या भिंतीकडे गाडी घेण्याआधी कुणी बघत नाही. स्कूटरचा चार्जर पाऊण ते एक किलोवॅटचा, म्हणजे इस्त्रीएवढा. इस्त्री दहा मिनिटं चालते, हा चार-पाच तास सलग चालतो. जुन्या वाड्यातली बारीक वायर, ढिला झालेला पाच ॲम्पिअरचा पॉइंट आणि त्यात खोचलेला एक्स्टेन्शन बोर्ड, ही आगीला दिलेली हळद-कुंकवाची अक्षत आहे. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून घ्या, १६ ॲम्पिअरचा चांगला सॉकेट बसवा, त्याच्यामागे एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी लावा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल; चटका बसला किंवा पिन तपकिरी पडली तर काढा आणि वायरमनला बोलवा.

अर्थिंग तर आपल्याकडे बहुतेक घरांत नावालाच असतं. कधीकाळी कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी असते आणि वैशाखात जमीन भेगाळली की तिचा मातीशी संबंध तुटतो. वायरमनला सांगा, मीटर लावून तीन आकडे दाखव. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. तिसरा आकडा वीस-तीस दाखवत असेल तर चार्जर लाल दिवा लावून बंद पडेल, आणि दोष गाडीचा म्हणून तुम्ही सर्व्हिस सेंटरला फेऱ्या माराल. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.

वस्तीवर राहणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. मोटारीच्या स्टार्टरपेटीतून आकडा काढून स्कूटर लावण्याचा मोह होतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून शासनाने वीजबिल माफ केलंय, म्हणून तर जास्तच. ती वीज पंपासाठी दिलेली आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय कृषी फीडरचा दाब असा वर-खाली होतो की महागडा चार्जर जळायला एक झटका पुरे. घरगुती मीटर वस्तीवर असेल तिथेच लावा.

आपल्या उन्हाचंही थोडं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही झिजवत नाही. दुपारी दोनला घामाघूम होऊन आलात की गाडीला लगेच प्लग खोचू नका. सावलीत उभी करा, तास-दीड तास निवू द्या. रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, ८०-९० वर काढली तरी चालते. गावाला आठ दिवस जाणार असाल तर निम्म्यावर ठेवून जा. पार संपवून ठेवणं आणि पार भरून उन्हात ठेवणं, दोन्ही वाईट.

ज्यांच्याकडे टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं स्मार्ट मीटर लागलंय त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटांना सवलत मिळते, तेव्हा हिवाळ्यात दिवसा चार्ज केलेलं फायद्याचं. छतावर सोलर असेल तर प्रश्नच मिटला. आपल्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल सरासरी दिवसाला चारेक युनिटं देतं आणि स्कूटरला दिवसाला एक-सव्वा लागतं. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान आहे. मला विचाराल तर आधी सोलर बसवा आणि गाडी पुढच्या वर्षी घ्या.

चारचाकीचं थोडक्यात. मध्यम आकाराची विजेची कार युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. घरी चार्ज केली तर किलोमीटरला दोन रुपये, पेट्रोल कारला साडेसहाच्या आसपास. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिट वीस-बावीस रुपयांना पडतं, तेव्हा फायदा तीसेक टक्क्यांनी घटतो आणि सीएनजीवाला तुमच्याकडे बघून हसतो. पुण्याला जायचं तर टेंभुर्णीला सोलापूर-पुणे रस्ता धरल्यावर इंदापूर, भिगवण पट्ट्यात हॉटेलांच्या आवारात चार्जर भेटतात. निघण्याआधी ॲपवर चालू आहे की बंद ते बघा, आणि एका चार्जरच्या भरवशावर निघू नका. पुढचा गाठता येईल एवढं शिल्लक असताना थांबा. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तिथे शंभरची वाट बघत बसण्यात चहाचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

शोरूममध्ये ‘सबसिडी संपतेय, आजच घ्या’ असं कुणी म्हणालं तर गडबडू नका. केंद्राची दुचाकीवरची मदत एप्रिल २०२५ मध्येच जास्तीत जास्त पाच हजारांवर आली होती. पाच हजारांसाठी लाखाची घाई करू नये. त्यापेक्षा वॉरंटीचा कागद मागा. बॅटरीची साधी हमी बहुधा तीन वर्षांची असते, जादा पैसे भरून ती आठ वर्षांपर्यंत नेता येते. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देणार, हे त्यात लिहिलेलं हवं. ७० असेल तर ठीक. नवी बॅटरी आज कितीला आहे, आणि बिघाड झाला तर गाडी बार्शीतच उघडणार की सोलापूरला टेम्पोत घालून न्यावी लागणार, तेही विचारा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला. गाडी त्यात बसते का, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि पोरांसाठी बिनलायसन, बिननंबराची स्कूटर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. ही सूट २५० वॅटपर्यंतच्या मोटरला आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाला आहे. ‘एक वायर काढली की पंचेचाळीसने पळते’ असं दुकानदार हळूच सांगतो. ती वायर काढली की गाडी बेकायदा होते. उद्या कुणाला धक्का लागला तर पुढे विमा नसतो, आणि भरपाई बापाच्या खिशातून जाते. असं कुणी सुचवलं तर त्या दुकानातून उठा.