थांबलेली रांग

दिवाळीच्या आधींच्या शनिवारीं माझ्या हातून एक प्रमाद घडला. त्याची हकीकत सांगितल्यावांचून आजच्या विषयाकडे वळणें अप्रामाणिकपणाचें होईल. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीस गेलों असतां मोटारींची रांग जागच्या जागीं खिळून राहिली. दहा मिनिटें वाट पाहून मी चिरंजिवांना म्हणालों, "मी येथेंच उतरतों," आणि डाव्या बाजूचें दार झटक्यानें उघडलें. त्याच क्षणीं मोटार व पदपथ यांमधल्या अरुंद फटींतून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सायकलवरून येत होता. दाराची कड हँडलला लागून तो पदपथावर आदळला. सुदैवानें कोपर खरचटण्यापलीकडे इजा झाली नाहीं. मी क्षमा मागूं लागलों, तेव्हां सायकल सरळ करीत तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, मागें बघून तरी उघडायचं!"

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. कारण त्याच आठवड्यांत आमच्या नातीनें सायकलनें महाविद्यालयांत जाण्याची परवानगी मागितली होती. तिच्या आईचा, म्हणजे आमच्या सूनबाईंचा, ठाम विरोध होता, आणि मी मोठ्या अधिकारानें निकाल दिला होता कीं, "जाऊं द्या तिला. रांग लागली तर कडेकडेनें निघून जावें, एवढें समजलें म्हणजे झालें." असा कडेकडेनें जाणारा मुलगा मीच पाडला होता!

माझा अधिकार तरी कशाचा? मी सायकल शिकलों तो १९५६ सालीं. पुणें तेव्हां सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. रस्त्यांत खोळंबा झालाच तर तो टांग्यांचा, बैलगाड्यांचा आणि सायकलींचा. टांग्याला दार नसतें. टांगेवाला उघड्यावर बसलेला. त्याची मान कोणीकडे वळली तें मागच्यास दिसे, आणि टांगा हलणार हें घोड्याच्या कानांवरूनच कळे. आजच्या रांगेंतील प्रत्येक मोटारीस चार दारें असतात, आणि आंत बसलेल्याच्या मनांत काय आहे तें बाहेरून मुळींच कळत नाहीं. सत्तर वर्षांपूर्वींच्या रस्त्यावरचें शहाणपण मी नातीच्या पदरांत टाकीत होतों.

रविवारीं सकाळीं सर्वांना अंगणांत बोलावलें. मोटारीचें दार पूर्ण उघडून त्याच्या टोकाशीं जमिनीवर खडूनें रेघ ओढली. मोटारीच्या अंगापासून ती जवळजवळ एक मीटर भरली. इंग्लंडांत आपल्याप्रमाणेंच वाहनें डावीकडून चालतात. तेथील 'हायवे कोड' या नियमपुस्तकांतही उभ्या वाहनांजवळून जातांना सायकलस्वारानें दाराच्या रुंदीइतकें, म्हणजे एक मीटर, अंतर ठेवावें असेंच सांगितलें आहे. नातीनें विचारलें, "पण आजोबा, तेवढी जागाच नसली तर?" प्रश्न रास्त होता. जेथें ही रेघ मावत नाहीं, तेथें वेगानें शिरूंच नये. ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारी सायकल एका सेकंदांत साडेपांच मीटर जाते, आणि समोरचें दार उघडलेलें पाहून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सुमारें तेवढाच वेळ जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच दार येऊन आदळतें. पायीं चालण्याच्या वेगानें गेल्यास तेवढ्याच वेळांत दीड-पावणेदोन मीटर अंतर तुटतें, आणि बोटें ब्रेकवर तयार असलीं तर सांवरतां येतें. तेंही साधण्यासारखें नसेल तर उतरून सायकल हातीं धरावी. त्यांत कमीपणा नाहीं.

दुसरी गोष्ट रांगेंतल्या खिंडाराची. सारी रांग खेटून उभी असतांना मध्येंच दोन वाहनांत मोकळी जागा दिसली, तर ती आपल्यासाठीं आहे असें समजूं नये. बहुधा कोणा भल्या चालकानें ती दुसऱ्या कोणासाठीं सोडलेली असते. तींतून आडव्या बोळांत वळणारी दुचाकी निघते, नाहीं तर मुलाचा हात धरलेली एखादी बाई निघते; आणि त्या दोघांचेंही लक्ष सायकलकडे नसतें. प्रत्येक खिंडाराशीं व प्रत्येक बोळाच्या तोंडाशीं आधीं वेग कमी करावा.

तिसरी गोष्ट मात्र सूनबाईंनींच सिद्ध केली. त्या स्वतः मोटार चालवितात. त्यांना चालकाच्या जागीं बसवून सायकल डाव्या बाजूस मागच्या दाराशीं उभी केली. त्यांनीं आरशांत पाहिलें, मान वांकविली, आणि आश्चर्यानें म्हणाल्या, "अगबाई, ही दिसतच नाहीं!" लहान मोटारीची ही स्थिति, तर बस व मालमोटार यांची कथा काय! तशांत लांब वाहन डावीकडे वळूं लागलें म्हणजे त्याचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मागोमाग न जातां पदपथाच्या अधिक जवळून जातात, आणि कडेला उभी असलेली सायकल त्यांच्या तावडींत सांपडते. म्हणून चौकांत उभ्या असलेल्या बसच्या डाव्या अंगाला कधींही शिरूं नये, मागेंच थांबावें. आरशांत चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाहीं.

उजवीकडून जावें तर समोरून येणारीं वाहनें असतात, आणि रांग सुटली कीं परत डावीकडे येण्यास वाट उरत नाहीं. सिग्नल हिरवा होण्याच्या बेतांत असेल तर पुढें जाण्याची धडपड सोडावी, आणि रांगेंत एका वाहनामागें स्वस्थ उभें राहावें.

मोटार चालविण्यास परवाना लागतो, त्यासाठीं परीक्षा असते. सायकलला परवाना नाहीं. तेव्हां ही परीक्षा घरच्यांनींच घ्यावयाची. परंतु ती एकट्या सायकलस्वाराची घेऊन भागणार नाहीं. हॉलंडांत मोटारींतून उतरतांना दाराजवळच्या हातानें नव्हे, तर लांबच्या हातानें दार उघडण्याची रीत आहे. डाव्या बाजूस बसलेल्यानें उजवा हात पुढें करावा, उजव्या बाजूच्यानें डावा. तसें करतांना अंग आपोआप वळतें, आणि नजर मागून येणाराकडे जाते. इंग्लंडच्या नियमपुस्तकांत हा उपदेश २९ जानेवारी २०२२ पासून समाविष्ट झाला आहे. त्याला खर्च नाहीं, यंत्र नाहीं. आमच्या घरीं आजीपासून चार वर्षांच्या पणतूपर्यंत सर्वांनीं त्या सकाळीं त्याचा सराव केला. माझ्याकडून तो तीन वेळां करवून घेण्यांत आला, आणि तें योग्यच झालें.

नात सोमवारपासून सायकलनें जाऊं लागली. पहिल्याच दिवशीं परतण्यास वीस मिनिटें उशीर झाला. सूनबाई दारांत उभ्याच होत्या.

"कुठें होतीस इतका वेळ?"

"टिळक रस्त्यावर रांगेंत थांबलें होतें, आई. पुढें बस होती."

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आंत जाऊन त्यांनीं चहाचें आधण ठेवलें.