खोक्यावरचे तास, शिवारातले तास

प्रति,
भारतात स्मार्टफोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख
आणि
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार



मी अकोल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फुटलेल्या स्क्रीनच्या खालोखाल माझ्याकडे तक्रार येते ती ‘बॅटरी टिकत नाही’ ही. फोन जुना असेल तर काम सोपं असतं. बॅटरी फुगलेली किंवा थकलेली असते, ती बदलली की गिऱ्हाईक खूश. मला उत्तर सुचत नाही ते महिना-दोन महिन्यांचा कोराकरकरीत फोन घेऊन येणाऱ्यांपुढे. विकताना त्यांना सांगितलेलं असतं की दीड दिवस आरामात जाईल. जाहिरातीत इतके तास व्हिडिओ, इतके तास बोलणं असे मोठे आकडे असतात. प्रत्यक्षात दुपारी चारला फोन पंधरा टक्क्यांवर येतो. सर्व्हिस सेंटरवाले तपासून सांगतात, बॅटरी हेल्थ शंभर टक्के, फोनमध्ये काही दोष नाही. ते खोटं बोलत नाहीत. मी तपासतो तेव्हा मलाही दोष सापडत नाही. माणूस मात्र आपल्यालाच फोन वापरता येत नाही असं समजून घरी जातो, आणि ते मला सहन होत नाही.

कंपनीप्रमुखांनो, आपण जाहीर करता ते तास येतात कुठून, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. खोली थंड, स्क्रीनचा उजेड बेताचा आणि ठरावीक, नेटवर्क किंवा वायफाय भरपूर, फोन नवा, आणि त्यावर एकामागून एक चालणारा व्हिडिओ. व्हिडिओ हे फोनसाठी हलकं काम आहे. तो उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसर जवळजवळ पडून राहतो. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. तिच्यावर फोन २० तास चालला, म्हणजे त्यानं सरासरी एक वॅटसुद्धा घेतला नाही. तोच फोन उन्हात, पूर्ण उजेडावर, नकाशा चालू ठेवून, कमकुवत नेटवर्कमध्ये वापरला आणि खर्च साडेतीन वॅटवर गेला, तर साडेपाच तासांत संपतो. बॅटरी तीच, फोन तोच. जाहिरातीत फक्त पहिला आकडा छापला जातो.

आम्ही दुरुस्तीवाले बोर्ड तपासताना फोनला बॅटरीऐवजी डीसी पॉवर सप्लाय जोडतो. त्याच्या पडद्यावर फोन किती करंट ओढतोय ते क्षणाक्षणाला दिसतं. एअरप्लेन मोडवर, स्क्रीन बंद करून फोन ठेवला की आकडा शून्याजवळ जाऊन शांत बसतो. एअरप्लेन मोड काढला आणि रेंज नीट नसेल, तर कुणी हात लावलेला नसतानाही आकडा उसळायला लागतो. वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. फोन टॉवर शोधत असतो. टॉवर जवळ असेल तर फोनला एक मिलिवॅटपेक्षाही कमी ताकदीनं बोलून भागतं, लांब असेल तर ४जीवर साधारण २०० मिलिवॅटपर्यंत जोर लावावा लागतो. तो जोर लावणारा अॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज खातो आणि उरलेल्याची उष्णता करतो. खेड्यातून येणारा माणूस सांगतो, ‘भाऊ, घरी ठेवला तरी तापते आन उतरते.’ तो अगदी खरं सांगत असतो. शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलाला तोच फोन दिवसभर पुरतो, म्हणून घरात त्याचं कुणी ऐकत नाही.

आता इथला वापर बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जीपीएस चालू ठेवायचं आणि माहिती अपलोड करायची. हे सगळं भर उन्हात, जिथे रेंजची एक काडी येते नि जाते. डोळ्यांना दिसावं म्हणून स्क्रीन आपोआप कमाल उजेडावर जाते, कॅमेरा चालू, उपग्रहाचा शोध चालू, आणि अपलोड अडलं की पुन्हा पहिल्यापासून. फोनमधली सगळ्यात जास्त वीज खाणारी कामं एकाच वेळी, आणि तीही ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात. फोन मध्येच बंद पडला तर नोंद राहून जाते. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरही मजुरांची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर या अॅपमध्ये माहिती भरतात. घरपोच जेवण देणारी पोरं हँडलला फोन लावून नकाशा बघत दहा-दहा तास फिरतात. या सगळ्यांच्या फोनवर पोट आहे किंवा सरकारी काम आहे. आपल्या चाचणीतला माणूस मात्र अजून सोफ्यावर बसून सिनेमाच बघतोय.

आणि उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अॅपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश असं लिहिते. विदर्भात एप्रिल ते जून दुपारी घराबाहेर ते क्वचितच मिळतं. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं किंवा रेंगाळतं. हे सगळं फोनच्या रक्षणासाठीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. तो परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर दिसतो. तोवर वॉरंटी संपलेली असते आणि माणूस माझ्या दुकानात आलेला असतो.

चाचणीपुरता वेगळा वागणारा फोनही बनवता येतो, हे जगानं पाहिलंय. जुलै २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि ९ प्रो या फोनमध्ये असं आढळलं की क्रोमसारखी लोकप्रिय अॅप चालताना प्रोसेसरचा वेग मुद्दाम रोखला जातो, आणि वेग मोजणारी चाचणीची अॅप मात्र मोकळी सोडली जातात. वीज वाचवून फोन जास्त टिकावा म्हणून आपण हे केलं, असं कंपनीनं सांगितलं. वेग मोजणाऱ्या गीकबेंच या अॅपनं ते फोन आपल्या यादीतून काढून टाकले. २०१७ च्या डिसेंबरात अॅपलनं कबूल केलं की बॅटरी थकलेले जुने आयफोन ती सॉफ्टवेअरमधून संथ करत होती. फोन अचानक बंद पडू नये हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, पण मालकाला ते सांगितलंच नव्हतं. फ्रान्समध्ये त्याबद्दल २०२० साली अडीच कोटी युरोचा दंड झाला. कोणतं अॅप चालू आहे हे फोनला कळतं आणि त्याप्रमाणे त्याला वागवता येतं, एवढं यावरून पक्कं दिसतं. म्हणून चाचणी कंपन्यांच्या हाती न ठेवता तटस्थ प्रयोगशाळेत, गुप्तपणे बदलत्या क्रमानं व्हायला हवी.

‘प्रत्येकाचा वापर वेगळा, आम्ही कोणाकोणाचा आकडा देणार?’ हे उत्तर मला ठाऊक आहे. गाड्यांच्या बाबतीतही प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो. तरी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत गाड्यांचं मायलेज एका ठरलेल्या चक्रावर मोजलं जातं. घाटात तेवढं मिळत नाही हे सगळ्यांना कळतं, पण निदान दोन गाड्या एकाच मापानं तोलता येतात. फ्रिज आणि एसीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे असतात. दिवसभर हातात असलेल्या फोनवर त्यातलं काहीच नाही. एक कंपनी व्हिडिओचे तास सांगते, दुसरी गाण्यांचे, तिसरी स्टँडबायचे दिवस. तुलना करायची कशी?

युरोपीय संघानं हे करून दाखवलंय. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनवर ऊर्जालेबल लागतं. एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटं चालतो, बॅटरी किती वेळा भरल्यावरही ८० टक्के क्षमता राखते, फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे, हे त्यावर असतं. किमान ८०० चार्जपर्यंत ८० टक्के क्षमता राहिलीच पाहिजे अशी अट आहे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. तिथली चाचणीही निर्दोष नाही. नियमांच्या शब्दांत संदिग्धता आहे म्हणून अॅपलनं आपल्या फोनना मिळू शकणारा ‘ए’ दर्जा सोडून स्वतःहून ‘बी’ लावला. असे वाद होऊ द्यात. मोजमाप उघड्यावर असलं की वाद घालता तरी येतो. तिथे लेबल लावून विकलेले कित्येक फोन त्याच नावानं इथे लेबलाशिवाय विकले जातात, याचं समर्थन मला सापडत नाही.

सचिव महोदय, आपल्याकडे अधिकार आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्यासारख्याच अक्षरांत असावा. मग ‘तास’ हा शब्द हातभर आणि ‘प्रत्यक्ष वापरात फरक पडू शकतो’ हे वाक्य मुंगीएवढं, असं आजही कसं चालतं? भारतीय मानक ब्यूरो आपल्याच विभागात येतं. टाइप-सी चार्जरचं मानक त्यानं जानेवारी २०२३ मध्ये आणलं. फोनच्या दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल आपल्या समितीनं मे २०२५ मध्ये दिलाय. त्या निर्देशांकाला बॅटरीच्या टिकाऊपणाची जोड द्या. दोन्ही एकाच लेबलवर बसतील.

चाचणी मात्र युरोपची जशीच्या तशी उचलू नका. ती इथल्या हवेत आणि इथल्या नेटवर्कवर घ्या. एक आकडा सावलीतल्या, चांगल्या रेंजमधल्या वापराचा असू द्या. दुसरा ४० अंशांत, पूर्ण उजेडावर, कमकुवत सिग्नल, जीपीएस आणि कॅमेरा चालू असा. प्रयोगशाळेत सिग्नल हवा तितका कमी करता येतो आणि तापमान हवं तितकं वाढवता येतं, त्यात अशक्य असं काही नाही. तिसरा आकडा ५०० चार्जनंतरचा, कारण इथे फोन वर्षाला बदलण्याची ऐपत फार थोड्यांची आहे. घरातला जुना फोन पुढे आईकडे जातो, मग शाळकरी मुलाकडे.

कंपन्यांना एक वेगळी विनंती. बॅटरीची ‘टिपिकल’ म्हणजे सरासरी आणि ‘रेटेड’ म्हणजे किमान, अशा दोन्ही क्षमता छापा. सॅमसंग आपल्या एस२४ अल्ट्राबद्दल ५,००० आणि ४,८५५ असे दोन्ही आकडे देते, तसं सगळ्यांनी द्यावं. नुसता एमएएच वाढवण्याची स्पर्धा लावू नका, कारण ७,०००ची बॅटरीसुद्धा रेंज नसलेल्या गावात उतरतेच. मूळ बॅटरी आमच्यासारख्या दुकानांना रास्त दरात मिळू द्या. ती मिळत नाही म्हणून बाजारात नकली माल खपतो, आणि फुगलेल्या बॅटऱ्या मग आम्ही हातानं सोडवतो. त्यात धोका आहे.

चाचणीच्या नियमांचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीसह इतर भारतीय भाषांतही हरकती-सूचनांसाठी खुला करा, आणि मुदत महिन्याभरापेक्षा कमी ठेवू नका. बैठकीला कंपन्यांचे अभियंते येतीलच. त्यांच्या शेजारी एखादा शेतकरी, एखादी अंगणवाडी सेविका आणि एखादा दुरुस्तीवाला यांनाही बोलवा. मी माझ्या खर्चानं येईन.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला, अकोला