आधी जुना कागद काढा!

माझं एक ठाम मत आहे आणि गेली काही वर्षं भेटेल त्याला मी ते ऐकवत असते. जुन्या वॉलपेपरवर रंग मारू नये. आधी कागद काढावा, मग काय रंगरंगोटी करायची ती करावी. मी सुरू झाले की मित्रमंडळी विषय बदलतात, नवरा तर खोलीच बदलतो :) पण मत काही बदलत नाही.

आपल्याकडे वॉलपेपर तसा कधी रुजला नाही. कोकणातल्या पावसात भिंतीला चिकटवलेला कागद श्रावणापर्यंतसुद्धा टिकायचा नाही. आपली पद्धत चुन्याची. दिवाळी आली की सुटलेले पोपडे खरवडायचे आणि वरून नवा हात मारायचा. चुन्यावर चुना बसतो, एकजीव होतो. त्यामुळे "वरून एक हात मारला की झालं" हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. इकडे अमेरिकेत जुनं घर घेणारी आपली मंडळी तोच न्याय कागदाला लावतात. आणि इथले रंगारीही खुशाल तोच सल्ला देतात, कारण त्यांचा वेळ वाचतो.

पण कागद म्हणजे चुना नव्हे. तो भिंतीला धरून असतो तो खळीच्या जोरावर. वर पाण्यातला रंग लावला की ते पाणी आत मुरतं, खळ सैल होते, कुठे फुगे येतात, कुठे जोड उचलले जातात. नशिबानं तसं झालं नाही तरी कागदाच्या जोडांच्या उभ्या रेघा रंगातून दिसत राहतात. आणि कधीतरी कागद काढायची वेळ आलीच, तर आता त्याच्यावर रंगाचं कवच असतं. पाणी खळीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे काम टळलं नाही, पुढच्याच्या गळ्यात पडलं. तेही व्याजासकट.

आमचं न्यू जर्सीतलं घर १९५०च्या दशकातलं. जेवणाच्या खोलीला छान पिस्ता रंग होता, विक्रीच्या फोटोत तर फारच टवटवीत दिसत होता. त्याखाली कागदाचे तीन थर निघाले. रंगारी म्हणाला होता, दोन दिवसांत वरून नवा रंग देतो. लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती, म्हणून आम्ही हट्टाला पेटलो की भिंतीत काय आहे ते बघायचंच. खिडकीखालचा कागद सोलला तो फार जोर न लावता अख्खा हातात आला. मागे काळी बुरशी, आणि प्लास्टर ओल्या वाळूसारखं. चौकटीच्या कडेनं पावसाचं पाणी कितीतरी वर्षं आत येत होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी त्यावर एक थर चढवला होता आणि प्रत्येक वेळी भिंत "दुरुस्त" झाली होती!

आता काढण्याबद्दल. साधा जुना कागद पिठाच्या खळीनं लावलेला असेल तर कोमट पाण्याला पुरे मांडतो. पाणी मारायचं, पंधराएक मिनिटं थांबायचं, आणि रंगारी लांबी भरायला वापरतात तसली रुंद पट्टी भिंतीला जवळजवळ आडवी धरून सरकवायची. थांबणं हेच खरं काम. खरी कटकट व्हिनाइलच्या कागदाची. तो धुता यावा म्हणूनच बनवलेला, मग पाणी आत कसं घेईल? त्याचा वरचा पापुद्रा आधी कोरडाच सोलायचा, मग मागचा कागद भिजवायचा. रंगवलेला असेल तर आधी हलक्या हातानं ओरखडे काढायचे, किंवा वाफेचं यंत्र भाड्यानं आणायचं. शेवटी भिंत स्पंजानं दोन-तीनदा धुवायची. खळ राहिली तर नव्या रंगाला तडे जातात.

या व्हिनाइलची एक गंमत. पूर्वी घरं कोळशावर तापवत, त्यामुळे वॉलपेपरवर काजळी बसे. ती टिपायला कणकेसारखा एक गोळा विकत मिळायचा. पुढे कोळसा गेला, धुता येणारा कागद आला, आणि सिनसिनाटीच्या एका कंपनीचा हा धंदा बसायला आला. मग तोच गोळा मुलांना खेळायला चांगला आहे असं लक्षात आलं आणि १९५६ साली तो खेळणं म्हणून बाजारात आला. आपली पोरं गालिच्यात तुडवतात ते प्ले-डो ते हेच!

आता गंभीर गोष्ट. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. त्याआधीच्या घरात कागदाखाली शिशाचा रंग असू शकतो, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. तेव्हा आधी तपासणी. आम्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले. भिंतीत काही निघालं नाही, खिडकीच्या चौकटीत निघालं. ते काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घेतलं. २०१०पासून इथे पैसे घेऊन असं काम करणाऱ्याला ते बंधनकारक आहे. भिंतीतच शिसं निघालं, आणि खालचा रंग पक्का असेल, तर तो जाणकाराच्या सल्ल्यानं तसाच झाकून ठेवणंही योग्य ठरतं, हे मला मान्य आहे. पण ते माहीत असून झाकणं झालं. माझं भांडण आहे ते न बघता झाकण्याशी.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. पहिले दोन दिवस तिला हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटला. तिसऱ्या दिवशी स्वतःच पट्टी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, चुन्याखाली चुनाच असतो. इथे काय काय आहे ते तरी बघू." सगळ्यात खालच्या थराखाली प्लास्टरवर पेन्सिलीनं केलेलं गणित सापडलं. भिंतीची लांबी, उंची, दरवाजा वजा, कागदाच्या गुंडाळ्या किती. एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. आईनं हिशोब ताडून बघितला. बरोबर होता!

त्या माणसाचा मला राग येत नाही. त्यानं मोजून-मापून, खळ लावून, सरळ कागद लावला. त्याचा थर सगळ्यात सहज निघाला. त्रास दिला तो त्याच्यानंतरच्यांनी, ज्यांना फक्त वरून नीट दिसायला हवं होतं. एका खोलीला आमचे दोन वीकेंड गेले, खांदे भरून आले, हे खरं. पण गळती सापडली आणि लेक बुरशीच्या भिंतीशेजारी वाढली नाही. याचा हिशोब रंगाऱ्याच्या दोन दिवसांत बसत नाही.

हल्ली वॉलपेपरची फॅशन परत आलीय, मागचा कागद सोलून स्टिकरसारखा चिकटवायचा प्रकारही मिळतो. हौस असेल तर जरूर लावा. फक्त भिंत आधी कोरडी आणि स्वच्छ करा, खाली प्रायमरचा हात द्या म्हणजे निघताना प्लास्टर सोबत येणार नाही, आणि कधी, काय लावलं ते स्विचच्या झाकणामागे लिहून ठेवा. तुमच्यानंतर त्या घरात येणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल, पण पट्टी हातात घेऊन उभा तोच राहणार आहे.