फीचर वाढवायला अक्कल लागते, काढायला हिंमत!

शिरवळच्या बॅचमध्ये एका हार्डवेअरवाल्या दादांनी विचारलं, "सर, यूपीआयमध्ये सारखं काहीतरी नवं येतं. मग बिटकॉइन एवढं हळू का बदलतं?" प्रश्न भारी आहे, आणि तो आपल्या गल्ल्याशीही जोडलेला आहे.

बिटकॉइन मुद्दाम साधं ठेवलंय. त्याच्या स्क्रिप्टमध्ये लूप नाही. 2010 मध्ये तर धोका नको म्हणून काही कमांड चक्क बंद केल्या. याची किंमतही आहे. मूळ साखळीवर सेकंदाला साधारण सातच व्यवहार होतात.

इथेरियमने उलटा रस्ता धरला. कुठलाही प्रोग्राम लिहा आणि चालवा. त्यातून खूप काही नवं उभं राहिलं, हे मान्य. पण जून 2016 मध्ये 'द डाओ' या फंडाच्या कोडमधली एक चूक पकडून कुणीतरी सुमारे 36 लाख इथर बाहेर ओढले. ते परत मिळवायला पुढच्याच महिन्यात नियम बदलावे लागले, काहींना ते पटलं नाही आणि साखळीच दोन झाल्या. चूक फंडाच्या कोडची, निस्तरावी लागली सगळ्यांना.

आता आपलं यूपीआय बघा. मुंबईच्या एनपीसीआयने ते 2016 मध्ये आणलं. त्यात 'पैसे मागवा' ही सोय होती. कामाची होती, पण ठगांनी तिचाच फास केला. समोरचा रिक्वेस्ट पाठवायचा, आपला माणूस पैसे येणार म्हणून पिन टाकायचा आणि खातं रिकामं. शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसामाणसातली ही सोय बंद झाली. दुकानदारांसाठी मात्र तेव्हा ठेवली. मला हा निर्णय कुठल्याही नव्या फीचरपेक्षा मोठा वाटतो.

माझं मत स्पष्ट आहे. नवं आणूच नका असं मी म्हणत नाही, तसं केलं तर धंदा जागेवरच राहील. पण जिथे पैसा हलतो तो पाया साधा ठेवा आणि प्रयोग त्याच्या वरच्या मजल्यावर करा. वरचं फसलं तर वरचंच काढता आलं पाहिजे.

आजचा होमवर्क: तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर उघडा. वर्षभरात एकदाही न वापरलेली तीन बटणं शोधा. तुम्ही सुट्टीवर असताना काउंटरवरचा पोरगा त्यातलं एखादं चुकून दाबेल का? उत्तर 'हो' असेल, तर ते आजच बंद करा.