खांब एकच, मग कंपनी बदलून काय होणार?

वीजबिल हातात पडले की धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या चहाटपरीवर हल्ली एक उपाय हमखास ऐकू येतो. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी लाइटची कंपनीही बदलता आली पाहिजे. दोन-तीन कंपन्या उभ्या राहिल्या की महावितरणची मिजास उतरेल आणि बिलही उतरेल. हा उपाय टपरीवर जन्मलेला नाही. 8 ऑगस्ट 2022 रोजी लोकसभेत वीज कायदा दुरुस्ती विधेयक मांडले गेले, तेव्हा त्याच्या समर्थकांनी हीच मोबाइलची उपमा फिरवली होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, उपमा गावोगाव पोचली.

या म्हणण्याचे दोन तुकडे वेगळे तपासायला हवेत. मिजास उतरेल, हे काही अंशी खरे ठरू शकते. बिल उतरेल, हे खरे नाही, आणि लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आधी बिलच उघडून पाहू. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेले, पुढे 2025 मध्ये बदललेले घरगुती दर घ्या. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 युनिटांना एकदम 10 रुपये 29 पैसे. दोन्हींवर युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार. सिंगल फेजला 128 रुपये स्थिर आकार. या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क, जे सरकारच्या तिजोरीत जाते. इंधन समायोजन बाजूला ठेवले तर 100 युनिट वापरणाऱ्या घराला सुमारे 830 रुपये पडत आणि 120 युनिटवाल्याला सुमारे 1,096. वापर पाचव्या हिश्शाने वाढला, बिल जवळजवळ एक तृतीयांशाने. (101वे युनिट पडले की सगळीच युनिटे वरच्या दराने लागतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तोच एवढा चढा आहे की समजूत पसरली यात नवल नाही.)

आता सांगा, दुसरी कंपनी आल्यावर यातला कोणता आकडा खाली येणार? वीज शुल्क सरकारचे. वहन आकार तारांचा, आणि तारा त्याच. टप्पे आणि त्यांचे दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. राहिला विजेच्या खरेदीचा खर्च, जो बिलातला सर्वांत मोठा वाटा. ती वीज वीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. दाभोळचा अनुभव महाराष्ट्र विसरलेला नसावा. तिथल्या एन्रॉन प्रकल्पाची वीज 1999 मध्ये सुरू झाली आणि 2001 मध्ये राज्य वीज मंडळाला ती घेणे थांबवावे लागले, कारण युनिटचा भाव पेलेना. त्या करारावर सह्या झाल्या तेव्हा ग्राहकाला दहा कंपन्यांतून एक निवडण्याचा हक्क असता, तरी तो करार काही सेलफोनच्या प्लॅनसारखा महिनाअखेर संपला नसता.

कंपनी बदलण्याचा हक्क महाराष्ट्रात कधी मिळालाच नाही, असेही नाही. मुंबईच्या उपनगरांत तो मिळाला. तिथे दोन परवानाधारक पूर्वीपासून होते: 1915 पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईला देणारे टाटा, आणि उपनगरांत तारा ओढलेली जुनी बीएसईएस, जी पुढे रिलायन्स आणि 2018 मध्ये अदानी झाली. टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये दिला. 2009 च्या ऑक्टोबरात आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा दिली. तिला नाव पडले चेंजओव्हर. लाखो ग्राहक गेले. मग काय झाले? जास्त वीज वापरणारे, चांगले पैसे देणारे ग्राहक आधी गेले आणि मागे राहिलेल्या लहान ग्राहकांचा भार जुन्या कंपनीवर आला. तो भरून काढायला 2011 मध्ये कंपनी बदललेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसला. आधीची थकलेली तूट वसूल करायला आणखी एक आकार आला. म्हणजे कंपनी बदलणाऱ्याच्या मागोमाग जुन्या कंपनीचे बिल चालत गेले. मुंबईची लोकवस्ती, मुंबईचा पैसा, दोन तयार कंपन्या, एवढे सगळे असूनही हे घडले.

मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर छत्रपती संभाजीनगरचे घ्या. 2011 मध्ये शहराची वीज जीटीएल या फ्रँचायझी कंपनीकडे दिली गेली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये थकबाकीमुळे काढून घेतली गेली. जळगाव क्रॉम्प्टनकडे 2011 ला गेले आणि 2015 ला परत आले. नागपूरही 2019 मध्ये फ्रँचायझीकडून महावितरणकडे परतले. यावर कोणी भिवंडी दाखवेल, आणि दाखवावीच. 26 जानेवारी 2007 पासून तिथे टोरंट आहे, गळती खूप घटली, पुरवठा सुधारला. मिजास उतरण्याचा मुद्दा इथे खरा ठरतो आणि तो मी मान्य करतो. पण भिवंडीकराच्या बिलावरचा दर कोणता? महावितरणचाच, आयोगाने ठरवलेला. कंपनी बदलली, गळती बदलली, युनिटचा दर कंपनीने ठरवलाच नाही.

स्वयंपाकघरातही असाच हक्क येऊन गेला आहे. 2014 च्या जानेवारीत गॅस सिलिंडरची कंपनी आणि एजन्सी बदलण्याची सोय देशभर वाढवली गेली. घरपोच सिलिंडर वेळेवर न देणारी एजन्सी सोडता आली, हे चांगलेच झाले. पण सिलिंडरचा भाव तिन्ही सरकारी कंपन्यांचा एकच, म्हणून भाव कमी व्हावा या आशेने कोणी एजन्सी बदलत नाही. गॅसच्या बाबतीत जे सर्वांना कळते, तेच विजेच्या बाबतीत कळेनासे का होते?

परदेशाचे दाखले देणाऱ्यांसाठी इंग्लंड. तिथे घरोघरी कंपनी बदलण्याची सोय वर्षानुवर्षे होती. लंडन-लेस्टरच्या मराठी घरांतही दरवर्षी स्वस्त कंपनी शोधण्याचा उद्योग चाले. 2021 मध्ये घाऊक गॅसचा भाव भडकला आणि तीसच्या आसपास विक्रेत्या कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे हलवण्याचा खर्च सुमारे 2.7 अब्ज पौंड, म्हणजे घरामागे सुमारे 94 पौंड पडेल, असा हिशेब तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मांडला. तो सगळ्यांच्या बिलांतून वसूल झाला, ज्यांनी कधीच कंपनी बदलली नव्हती त्यांच्याही.

आता लोहारा. जी कंपनी निवडायची, ती इथे येणार का, हा प्रश्न समर्थक विचारतच नाहीत. अदानींनी महावितरणला समांतर वीजपुरवठ्याचा परवाना मागितला तो भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण अशा पट्ट्यासाठी. या पट्ट्यात माणसे दाट, कारखाने दाट, थकबाकी कमी. इकडे सास्तूर घ्या, माकणी घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी गावे नव्या जागी, मोकळ्या आखणीने, रुंद रस्त्यांनी आणि मोठ्या प्लॉटांनी वसली. राहायला बरे, पण घरामागे लागणारी तार आणि खांब वाढले. शेतातल्या पंपाला तर एकेकासाठी दोन-चार खांब लागतात. अशा ठिकाणी नफ्यासाठी कोण तार ओढील? वीज कायदा 2003 प्रमाणे मागेल त्याला जोडणी देण्याचे बंधन असलेली महावितरणच इथे राहणार, आणि ठाण्या-पनवेलचा पैसेवाला ग्राहक निघून गेला की तिच्याकडे उरणार आपण. मग आपला दर कोणत्या दिशेने जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढ्यावरून वाचक मला दुसऱ्या गोटात ढकलतील. तो गोट म्हणतो, महावितरण आपली, लोकांची. खासगी आले की लूट. म्हणून आहे तेच ठीक. 4 जानेवारी 2023 च्या मध्यरात्रीपासून वीज कर्मचारी खासगीकरणाविरोधात संपावर गेले आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आश्वासनानंतर त्याच दिवशी संप मिटला, तेव्हा हेच ऐकू आले. संपाचे कारण मला पटते. 'आहे तेच ठीक' पटत नाही. 28 मार्च 2025 ला आयोगाने पुढील पाच वर्षांचे दर जाहीर केले. ग्राहकांना दिलासा मिळेल, असे सांगितले गेले. हा दिलासा थांबवावा म्हणून आयोगाच्या दारात कोण गेले? कोणी खासगी कंपनी नव्हे, आपली लोकांची महावितरण. 2 एप्रिलला स्थगिती आली, 25 जूनला फेरविचार आदेश आला, 1 जुलैपासून दुसरेच दर लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मालकी सरकारची असली म्हणजे हिशेब लोकांचा होतो, हा भ्रम त्या तीन महिन्यांत गळून पडायला हवा होता.

तिसरे एक म्हणणे उमरगा-धाराशिवच्या व्यापारी पेठांत चालते: शेतकऱ्याला वीज फुकट, म्हणून आमचे बिल भारी. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ आहे आणि ते पैसे राज्य सरकार महावितरणला देते, अशी ती योजना आहे. लोहाऱ्यात पंपवाला आणि घरवाला हा बहुधा एकच माणूस. त्याच्या मोटारीचे बिल शून्य येते आणि घरात फ्रिज आला की युनिट अकरा रुपयांच्या पुढे जाते. त्याला एका खिशात काय मिळाले आणि दुसऱ्यातून काय गेले, हे त्यानेच मोजावे. खरी गोम वेगळी आहे. बहुतेक पंपांना चालू मीटर नाही. त्यांनी किती वीज घेतली, हा आकडा अंदाजाने लिहिला जातो, आणि चोरी व गळती याच अंदाजात झाकली जाते, असा आक्षेप प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घेत आली आहे. शेतकऱ्याच्या नावावर पडलेले प्रत्येक युनिट शेतकऱ्यानेच जाळले, असे धरून पेठेतल्या माणसाने भांडू नये.

मग करायचे काय? दर जिथे ठरतो तिथे भांडायचे. हे म्हटले की लोक हसतात, म्हणून एक आकडा देतो. 2023 च्या दरनिश्चितीत महावितरणने सुमारे 67 हजार कोटींची तूट दाखवून वसुली मागितली होती. हरकती, सुनावण्या आणि छाननी यांनंतर आयोगाने सुमारे साडेएकोणचाळीस हजार कोटी मान्य केले. मान्य झालेलेही जास्तच होते, असे होगाडे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण जे कापले गेले, ते कुठल्या स्पर्धेने कापले नाही. याचिकेतल्या तक्त्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारणाऱ्यांनी कापायला लावले. पुण्याची प्रयास ही संस्था, होगाडे यांची इचलकरंजीची ग्राहक संघटना, उद्योजकांच्या काही संस्था, एवढीच मंडळी तिथे तयारीने जातात. लोहाऱ्याहून कोणी जात नाही, आणि जाणार कसे? जनसुनावणी विभागीय शहरांत होते. संभाजीनगर इथून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. याचिकेचा मराठी सारांश मिळतो, पण मेख ज्या तक्त्यांत असते ते इंग्रजीत.

घरच्या पातळीवर एक खरा बदल शक्य आहे आणि तो छपरावर आहे. 2024 ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला 30 हजार रुपये केंद्राचे मिळतात आणि तेवढ्या पॅनेलवर महिन्याला सुमारे 120 युनिट निघतात. लोहाऱ्यातल्या साध्या घराचा वापर त्यात भागतो; स्थिर आकार तेवढा राहतो. ज्याचे स्लॅबचे घर आहे आणि मीटर स्वतःच्या नावावर आहे, त्याने दुसऱ्या कंपनीची वाट पाहू नये. मात्र पत्र्याच्या घराला, भाडेकरूला, आणि ज्यांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर थकबाकीसह लटकले आहे अशा भावकीला हा मार्ग सहज उघडत नाही. म्हणून छपरावरची वीज हे जनसुनावणीला उत्तर होऊ शकत नाही.

लोहारा नगरपंचायतीने आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी ठराव करावा, तो खासगी कंपनीच्या बाजूने किंवा विरोधात नव्हे. पुढची दरयाचिका येईल तेव्हा आयोगाने एक दिवस धाराशिवला सुनावणी घ्यावी, आणि त्याच्या महिनाभर आधी महावितरणने तालुक्यातील प्रत्येक फीडरचा तक्ता मराठीत लावावा. रकाने तीन पुरेत: फीडरवर किती युनिट आले, मीटरवर किती नोंदले, आणि पंपांच्या नावावर किती टाकले.