पायथ्याशी राहणाऱ्यांनी फक्त वरच बघायचं का?

गेल्या पावसाळ्यात शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढली आणि घरी गेलो. घर म्हणजे हिरकणीवाडी. रायगडाचा रोपवे जिथून सुटतो ते आमचं गाव. गडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना आमच्या घरी जेवण करून देतात. त्या दुपारी पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ पडवीत जेवायला बसले होते आणि कोपऱ्यात माझा नववीतला पुतण्या मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता. काकांना ते बघवेना. "अरे, रायगडाच्या पायथ्याशी राहतोस आणि मोबाईल कसला बघतोस? वाचत जा काहीतरी. 'छावा' वाचलीस का?"

पोरगा वाचतच होता. 'वन पीस' नावाची जपानी कॉमिक मालिका. एइचिरो ओदा नावाचा माणूस ती १९९७ पासून लिहितोय आणि काढतोय, हजारावर प्रकरणं झालीत, अजून संपलेली नाही. पुतण्याची त्यातली सातशे वाचून झालीत, तीही इंग्रजीत, शाळेत इंग्रजीला पस्तीसच्या आसपास घुटमळत असताना. त्याने काकांकडे बघून मान हलवली आणि मोबाईल उलटा ठेवला.

पाहुणा जेवत असताना त्याच्याशी वाद घालायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून तेव्हा मी आणखी एक भाकरी वाढली आणि गप्प बसलो. आता बोलतो.

'तरुण पोरं वाचत नाहीत' हे मी लहानपणापासून ऐकतोय. ते खोटं आहे. पोरं वाचतात, पण जे वाचतात ते तुमच्या हिशेबात वाचन नसतं. विज्ञानकथा म्हणजे पोरकटपणा, कॉमिक म्हणजे चित्रं बघणं, आणि मोबाईलवर वाचलेलं तर मोजायचंच नाही. एवढं सगळं वजा केल्यावर बाकी शून्य येणार नाही तर काय येणार?

ऐतिहासिक कादंबऱ्यांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये मला टकमक टोक दाखवाल. 'छावा' मी दोनदा वाचलीय. २०२५ मध्ये सिनेमा आला तेव्हा आमच्या घरातल्या फाटक्या प्रतीवरून भावंडांत भांडणं झाली. माझं भांडण आहे ते फक्त तेवढंच आमच्या हातात देण्याशी. रायगडाच्या पायथ्याशी जन्मलेल्या पोराला जो येतो तो भूतकाळ देऊन जातो. रोपवे चार-पाच मिनिटांत वर नेतो, माणसं हात जोडतात, सेल्फी काढतात, खाली येऊन जेवतात आणि आम्हाला सांगतात, किती भाग्यवान आहात. पुढच्या वीस वर्षांत इथं काय होईल, हे मात्र आम्हाला कोणी विचारत नाही, आणि आमचा आम्हाला तो विचार करता यावा अशी पुस्तकंही आणून देत नाही.

मला तो विचार करायला शिकवला तो जयंत नारळीकरांच्या एका कथेने. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली, लागली नाही, आणि मराठे जिंकले. पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. पंत ग्रंथालयात बसून स्वतःच्याच विषयाचा अनोळखी इतिहास वाचतात. परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. ही कथा 'द ॲडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली. मी ती आधी तिथेच, इंग्रजीत वाचली आणि मूळ मराठी आहे हे मला नंतर कळलं. लाज वाटली.

कादंबऱ्यांनी मला इतिहासापुढे हात जोडायला शिकवलं. या कथेने त्याला प्रश्न विचारायला शिकवलं. एक गोळी इंचभर इकडेतिकडे झाली असती तर? इतिहास असाच घडणार होता असं काही नव्हतं, हे ज्याला कळलं त्याला पुढचंही अजून ठरलेलं नाही हे कळतं. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या पोराला याहून मोठी गोष्ट कोणती देणार?

नारळीकरांची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताईंनी. कथेला बक्षीस मिळालं. साहित्य संमेलनं १८७८ पासून भरतायत. विज्ञानकथा लिहिणारा हा माणूस अध्यक्ष झाला २०२१ च्या नाशिकच्या ९४व्या संमेलनात, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि तब्येतीमुळे तिथे जाऊही शकले नाहीत. मे २०२५ मध्ये ते गेले. त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. पुस्तक किती जणांनी उघडलं?

मी उघडलं. 'वामन परत न आला' पुन्हा वाचली. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानावरून माणसं यंत्रमानव बनवतात आणि त्या यंत्रमानवाला हवी असते आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव तयार करायची विद्या. ऐंशीच्या दशकातली कादंबरी. मी दिवसभर ज्या टीममध्ये बसतो तिथे आता अर्धा कोड मशीन लिहितं आणि आम्ही तपासतो. आपण हे कशाला आणि कोणासाठी बनवतोय, हा प्रश्न आमच्या एकाही मीटिंगमध्ये निघत नाही. तो त्या कादंबरीत आहे, मराठीत आहे. खोटी स्तुती करत नाही: पात्रं बऱ्याचदा व्याख्यान दिल्यासारखी बोलतात आणि बायकांना फारसं काम नाही. पण चूक दाखवायलाही आधी वाचावं लागतं.

सध्या शेजारी आहे ते चिनी लेखक लिऊ त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. २००६ मध्ये चीनमधल्या एका विज्ञानकथा मासिकात ते क्रमशः आलं. इंग्रजी भाषांतराला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, भाषांतरित कादंबरीला पहिल्यांदाच. परग्रहवासीयांची गोष्ट, पण इंग्रजी आवृत्ती सुरू होते ती सांस्कृतिक क्रांतीपासून. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत ठार मारतात आणि माणसांवरचा तिचा विश्वास उडतो. पुढचं सगळं त्यातून येतं. पात्रं इथेही जरा कोरडीच आहेत. पण त्या माणसाने स्वतःच्या मातीतली जखम घेतली आणि तिच्यातून आकाशाकडे बघितलं. आपल्याकडे जखमा कमी आहेत का?

महाडचंच घ्या. २० मार्च १९२७, चवदार तळं. शाळेत आम्हाला तो चार ओळींचा धडा होता, तारीख पाठ करायची आणि मार्क घ्यायचे. मला तो दिवस खरा दिसला तो 'भीमायन' या चित्रकादंबरीत. २०११ चं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यांनी कॉमिकच्या ठरावीक चौकटी घालायला नकार दिला. पानभर वाहणारी चित्रं. प्रेमळ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं तळं मध्य प्रदेशातल्या दोन कलाकारांनी मला दाखवलं. कॉमिक म्हणजे पोरखेळ म्हणणाऱ्यांनी ती नांगी एकदा बघावी आणि मग बोलावं.

आता हे सगळं माझ्या लेखी एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. २२ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसं गेली. तेव्हापासून पाऊस चार दिवस थांबला नाही की आमच्याकडे रात्री कोणी गाढ झोपत नाही. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर पुतण्याने मला विचारलं, "काका, डोंगर आतून सरकायला लागला की मोबाईलवर आधी कळेल असं करता येईल का?" मी त्याला सेन्सरबद्दल सांगितलं, तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि कळलं, पण आज्जी घर सोडायला तयार झाली नाही, तर?"

ही विज्ञानकथा आहे. पहिला प्रश्न इंजिनिअरचा, दुसरा लेखकाचा. तो पोरगा 'काही वाचत नाही' म्हणे.

शेवटचं भांडण मात्र तुमच्या-माझ्याशी. आपण हिंजवडीत बसून 'ड्यून'वर इंग्रजीत तासभर बोलतो आणि 'मराठीत काही नाहीच यार' म्हणून उठतो. लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांतलं किती वाचलं, असं विचारलं की गप्प. आपण विकत घेत नाही, वाचलेल्यावर मराठीत चार ओळी लिहीत नाही, आणि प्रकाशकाने छापावं अशी अपेक्षा करतो. काका निदान स्वतः वाचलेलं पुस्तक सुचवत तरी होते.

तेव्हा हा लेख शेअर नाही केलात तरी चालेल. सध्या काय वाचताय ते मराठीत सांगा, आवडलं का आणि कुठे फसलं तेही. घरातल्या नववीतल्या पोराला त्याच्या मोबाईलवर काय चाललंय ते विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा पडवीत एक फळी ठोकली. त्यावर नारळीकरांची चार पुस्तकं, 'भीमायन', आणि हो, 'छावा'. पुतण्याने 'भीमायन' उचललं, दोन पानं चाळली आणि म्हणाला, "काका, याला चौकटीच नाहीत!" मग ते घेऊन आत गेला. त्या रात्री मोबाईल पडवीतच चार्जिंगला होता.